पाठीवरचं माळवद

सांग बघू दोस्ता, नदी आटली की नदीतलं कासव कुठं जातं?

बगळा उडतो आणि दुसरं पाणी गाठतो. म्हशीला तिचा धनी टँकरपाशी नेतो. पण कासव? त्याला ना पंख, ना धनी! आणि पळायचं म्हटलं, तर त्याचा वेग साऱ्या जगाला माहीत आहे.

आपल्या मराठवाड्यात नद्या आटतात, यात नवल नाही. घरातल्या मोठ्यांना २०१६ चा उन्हाळा विचारून बघ. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण तेव्हा कोरडंठाक पडलं होतं. मग पाणी कशातून आलं असेल? ओळख!

टँकरमधून? ते तर होतेच. पण पाणी चक्क आगगाडीतून आलं! १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोचली. दहा टाक्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी!

माणसांसाठी गाडी आली. कासवासाठी गाडी कोण पाठवणार? कुणीच नाही. तरी पाऊस पडतो, ओढे खळखळतात, तळ्यात पाणी चढतं आणि एक दिवस कासव हजर! जसं काही घडलंच नाही!

हे त्याला जमतं कसं? चल, शोधू या.

आधी ओळख करून घेऊ

गोदावरी नांदेड शहराला लागूनच वाहते. मांजरा बीड जिल्ह्यातल्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून जाते आणि लांबचा वळसा घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. या नद्या, त्यांचे ओढे, गावतळी, पाझर तलाव, विहिरी... असल्या ठिकाणी एक मऊ पाठीचं कासव राहतं. शास्त्रज्ञ त्याला लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. आपण नुसतं 'मऊ पाठीचं' म्हणू.

त्याची पाठ हिरवट तपकिरी आणि गुळगुळीत असते. वर टणक खवले नाहीत, नुसती कातडी. नाक लांबट, टोकाला दोन बारीक भोकं. तेवढं टोक पाण्याबाहेर काढायचं, श्वास घ्यायचा आणि बुडुक! पुन्हा खाली.

खायला काय लागतं त्याला? बेडूक, मासे, गोगलगायी, पाण्यातल्या वनस्पती. आणि मेलेले, कुजलेले प्राणीसुद्धा! शी म्हणू नकोस. ते खातं म्हणून तळं साफ राहतं. तेही फुकटात!

पायाच्या बोटांमध्ये पडदे असतात, पोहण्यासाठी. आणि नखं? प्रत्येक पायाला फक्त तीन! ही तीन नखं लक्षात ठेव हं. पुढं त्यांच्यावरून एक मोठी भानगड आहे.

गोदावरीच्या खोऱ्यात याचा एक मोठा भाऊबंदही राहतो. त्याचं नाव लीथचं कासव. त्याच्या पिल्लाच्या पाठीवर काय असतं, माहीत आहे? डोळे! म्हणजे खरे डोळे नाहीत, पण डोळ्यांसारखे दिसणारे चार ते सहा गोल ठिपके. वरून बघणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर आपल्याकडंच टक लावून बघतंय! हे कासव आता फार थोडं उरलं आहे.

घर बघून ठेव

आता जरा आजोळी जाऊ. माळवदाचं घर पाहिलं आहेस का कधी?

जाडजूड भिंती. वर लाकडाच्या तुळया आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचं सपाट छत. बाहेर ऊन मी म्हणत असतं, आत मात्र गारवा! कोपऱ्यात पाण्याचा रांजण. भिंतीतच बांधलेलं धान्याचं बळद. दुपारी लोटून घेतलेलं दार. आणि पुढं अंगण, सकाळचं कोवळं ऊन खायला.

दुष्काळ आला तरी चार महिने निभावून नेईल असं हे घर!

आता हेच घर उचल आणि चार पायांवर ठेव. झालं कासव! थट्टा वाटते? चल तर मग, भिंत, दार, बळद, रांजण, अंगण... एकेक तपासू.

भिंत आणि छप्पर

दोन्ही हात फासळ्यांवर ठेव. मोठा श्वास घे. छाती फुगली ना?

कासवाची छाती अशी फुगत नाही! कारण त्याचं कवच म्हणजे त्याच्या स्वतःच्याच फासळ्या. रुंद, चपट्या झालेल्या, कण्याला आणि एकमेकींना घट्ट जोडलेल्या. पाठ आणि पोट मिळून पन्नासेक हाडांचं हे बांधकाम असतं.

म्हणजे कार्टूनमधलं कासव कवच काढून ठेवतं आणि उघडंच पळत सुटतं ना? साफ खोटं! तू तुझ्या फासळ्या घरी ठेवून शाळेत जाशील का?

मग श्वासाचं काय? त्यासाठी कासवाच्या पोटात खास स्नायू असतात. ते आतल्या आत ओढतात, ढकलतात आणि फुप्फुसांत हवा खेळवतात. बाहेरून भिंत जरासुद्धा हलत नाही.

अजून एक गंमत. हात मागं नेऊन पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड चाचपून बघ. सापडलं? ते तुझ्या फासळ्यांच्या बाहेर आहे. मांजराचंही बाहेर. चिमणीचंही बाहेर. सरड्याचंही बाहेर. कासवाचं मात्र फासळ्यांच्या आत! कणा असलेल्या प्राण्यांत ही करामत एकट्या कासवानं केली आहे.

आता कोडं. हे घर बांधताना आधी काय तयार झालं असेल, फरशी की छप्पर?

उत्तर चीनमध्ये सापडलं! तिथं खडकात जपून राहिलेली एका कासवाची हाडं मिळाली. २००८ साली शास्त्रज्ञांनी ती जगाला दाखवली. ते कासव सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचं होतं. पोटाखाली पूर्ण कवच. आणि पाठीवर? नव्हतंच! आधी फरशी, मग छप्पर! शिवाय त्याच्या तोंडात दात होते. आजच्या एकाही कासवाला दात नाहीत, नुसती धारदार चोच असते.

आणि ही भिंत मुकी नाही बरं का. कवचाला स्पर्श कळतो. काठीनं टकटक केलं तर ते आत बसलेल्याला समजतं. दुखापत झाली तर दुखतं, रक्त येतं. म्हणून कवचावर रंग लावणं, भोक पाडणं, नाव कोरणं, यातलं काहीही करायचं नाही.

दार बंद!

मऊ पाठीच्या कासवाला खरोखरची दारं आहेत!

त्याला उलटं करून बघायची गरज नाही, तसंच ऐक. पोटाच्या कवचाला मागच्या बाजूनं दोन झडपा असतात, कातडीच्या. धोका दिसला की मागचे पाय आत आणि झडपा बंद! पुढची बाजूही थोडी वर उचलून मिटता येते. डोकं आत, पाय आत, शेपूट आत. मग बाहेर कुत्रं येऊ दे नाहीतर कोल्हा. आतलं कासव गप्प!

बळद भरून ठेवायचं

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पाणी आटल्यावर कासव जातं कुठं?

खाली!

पाणी असतं तेव्हा ते भरपूर खातं आणि अंगात चरबी साठवतं. हे त्याचं बळद. मग उन्हाळा तापतो, तळ्याचं पाणी कमी कमी होतं. तेव्हा ते ओल्या चिखलात नखांनी उकरत उकरत आत शिरतं. वरचा चिखल वाळतो. त्याला भेगा पडतात. मुलं तिथं क्रिकेट खेळतात. आणि खाली कासव असतं!

जेवण बंद. हिंडणं बंद. हृदयसुद्धा अगदी सावकाश चालतं. बळदातली चरबी चिमूट चिमूट वापरायची आणि पडून राहायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिनोन् महिने! याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. उन्हाळ्याची एवढी मोठी सुट्टी तुला तरी मिळते का?

पहिले मोठे पाऊस झाले, जमीन भिजली की कासव वर येतं. काही वेळा एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडं चालत जातं. म्हणून तर पावसाळ्यात कासव रस्त्यावर, शेताच्या बांधावर, कधी शाळेच्या मैदानातही दिसतं. ते हरवलेलं नसतं. कामाला निघालेलं असतं!

आणि बघ, विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं, असं गावाकडं म्हणतात. ते घाण खातं हे खरंच आहे. पण मादीला अंडी घालायला कोरड्या मातीवर यावंच लागतं. उभ्या भिंतींच्या खोल विहिरीतून ती वर येणार कशी? पायऱ्यांच्या बारवेतून निदान वाट तरी असते. तेव्हा पाणी साफ करायला कासव पकडून विहिरीत टाकायचं नाही.

रांजण कुठं आहे?

यासाठी आपल्याला थोडं लांब जावं लागेल. अमेरिकेत मोहावे नावाचं वाळवंट आहे. तिथं एक जमिनीवरचं कासव राहतं. तिथला पाऊस लातूरपेक्षाही कितीतरी कमी! पण त्याच्याकडं रांजण आहे. कुठं असेल? ओळख!

मूत्राशयात!

हसलास तर हस, हसलीस तर हस. पण युक्ती बघ. पाऊस पडला की ते डबक्यातलं पाणी भरपूर पितं आणि मूत्राशयात साठवून ठेवतं. पुढं पाणी मिळेनासं झालं की शरीर त्यातलंच पाणी परत शोषून घेतं. रांजण काठोकाठ भरला, तर कासवाच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग या पाण्याचाच असतो!

आता कुणी हौसेनं त्याला उचललं तर काय होईल? ते घाबरेल. आणि घाबरलं की शू करेल. सगळा रांजण एका मिनिटात रिकामा! पुढचा पाऊस कधी पडेल याचा नेम नाही. तुला वाटेल, मी फक्त लाडानं उचललं. पण त्याचं कित्येक महिन्यांचं पाणी गेलं!

अंगणाची गोष्ट

आता अंगण. माणसाचं अंग आतूनच गरम राहतं. थंडी असो की ऊन, आपलं तापमान ३७ अंशांच्या आसपास. कासवाला ही सोय नाही. त्याला ऊब उन्हाकडूनच घ्यावी लागते. सकाळी उन्हात आलं, अंग तापलं, की पाय चालतात, भूक लागते, खाल्लेलं पचतं. जास्त तापलं की सावली, पाणी, माती. दिवसभर त्याची हीच ये-जा चालू असते.

ऊन आणखी एक काम करतं. उन्हात काही किरण असे असतात की जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अतिनील किरण म्हणतात. ते कातडीवर पडले की शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. ते असलं तरच जेवणातलं कॅल्शियम हाडांत जातं. आणि कासवाचं घर कशाचं आहे? हाडांचं! म्हणजे ऊन नाही, तर भिंत कच्ची.

आता एक पिल्लू पाळून बघू. मनातल्या मनात!

समज, तुझी मावशी इंग्लंडमध्ये राहते. तिथं रीतसर कागदपत्रं असतील तर काही जातींची कासवं पाळता येतात. तिच्या लेकीनं ग्रीक कासवाचं पिल्लू आणलं. हे जमिनीवरचं कासव. मोरोक्कोपासून तुर्कस्तान-इराणपर्यंतच्या कोरड्या, दगडाळ टेकड्यांवर राहणारं. पिल्लू एवढंसं, पंधरा-वीस ग्रॅमचं!

'अय्या, किती सोपं! एक खोकं आणि दोन कोबीची पानं!' असं वाटलं का? थांब, ऐक.

खोक्याच्या एका टोकाला गरम दिवा. त्याच्याखाली ३२ ते ३५ अंश ऊब. दुसरं टोक गार, २२ ते २५ अंशांचं. पिल्लाला गरम-गार निवडता आलं पाहिजे ना!

मग अतिनील किरणांची वेगळी नळी. खिडकीतलं ऊन का नाही चालत? कारण खिडकीची काच ते किरण अडवते! काचेमागं पिल्लू छान शेकतं, पण 'ड' जीवनसत्त्व काही तयार होत नाही. घर कच्चंच राहतं. अजून एक फसवणूक ऐक. ती नळी जुनी झाली की उजेड पहिल्यासारखाच पडतो, पण किरण कमी झालेले असतात. म्हणून चालू असलेली नळीसुद्धा ठरावीक काळानं बदलायची!

खाली खोल माती, उकरायला. ती जराशी दमट हवी. फार कोरड्यात वाढलेल्या पिल्लाची पाठ उंचवट्या-उंचवट्यांची होते. आठवड्यातून काही वेळा कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली राहील असं. ते बसल्या बसल्या पाणी पितं.

जेवण? पोळी नाही. भात नाही. दूध तर मुळीच नाही! केळं, टरबूज हेही नको, एवढी साखर त्याच्या पोटाला झेपत नाही. त्याला हवा रानचा पाला. आपल्याकडच्या झाडांतलं म्हणशील तर जास्वंदीची पानं-फुलं आणि काटे काढलेला निवडुंग त्याला आवडला असता. पालक अगदी थोडा, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. आणि चोचीनं कुरतडायला समुद्रफेसाचा तुकडा. समुद्रातल्या माकूळ जातीच्या प्राण्याचं ते आतलं कवच असतं, कॅल्शियमनं भरलेलं.

काचेची पेटीही नको! काच म्हणजे काय हे कासवाला कळत नाही. पलीकडं दिसतंय म्हणून ते दिवसभर तिला धडका देत बसतं. म्हणून लाकडाची पेटी. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहायचं. वजन घसरलं तर कासवांचं कळणारा डॉक्टर शोधायचा.

आणि प्रत्येक वेळी हात साबणानं धुवायचे! कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. कासव ठणठणीत, आणि आपल्याला ताप, जुलाब! लहान मुलं चिमुकली कासवं तोंडात घालायची, म्हणून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आली.

दम लागला ना ऐकून? आता सांग, एवढं सगळं कशासाठी? एका टेकडीवरचं ऊन, माती आणि गवत खोक्यात बसवण्यासाठी! टेकडीवर ते सगळं फुकट होतं.

आणि नांदेडच्या मे महिन्यात? पारा चाळिशी सहज ओलांडतो. रानातलं कासव चिखलात, बिळात खोल जाऊ शकतं. गच्चीवरच्या खोक्यातलं कुठं जाणार? त्याला आपल्यासारखा घामही येत नाही. सगळ्या सोयींचं मातीचं घर उचललं आणि तापलेल्या पत्र्यावर ठेवलं, असंच झालं ते!

टिमथीआजोबांची गंमत

आणि हे किती वर्षं करायचं? पाच? दहा?

टिमथीला भेट. हेही ग्रीक कासवच. १८५४ साली एका इंग्रज कप्तानाला ते एका जहाजावर मिळालं. मग ते इंग्रजांच्या 'क्वीन' नावाच्या युद्धनौकेवर राहिलं. क्रिमियाच्या लढाईत तोफा धडाडत होत्या तेव्हा टिमथी बोटीवर होतं! पुढं ते इंग्लंडमधल्या पाउडरहॅम नावाच्या वाड्यात राहायला गेलं. त्याच्या अंगावर एक चिठ्ठी अडकवलेली असायची. तिच्यात लिहिलेलं असे की मी टिमथी, फार म्हातारा आहे, कृपा करून मला उचलू नका!

टिमथी २००४ साली गेलं. तेव्हा त्याचं वय होतं सुमारे १६० वर्षं! कप्तान गेला, त्याची मुलं गेली, नातवंडं म्हातारी झाली. टिमथी पाला खात होतं!

पण खरी मजा पुढंच आहे. १९२६ साली मालकांना वाटलं, टिमथीला पिल्लं व्हावीत. तपासणी झाली. आणि काय निघालं? टिमथी आजोबा नव्हतेच. आजी होत्या! सत्तर वर्षांहून जास्त काळ कुणाला पत्ताच नव्हता!

मुलगा की मुलगी, हे ग्रीक कासवात ठरतं कसं, तेही ऐकून ठेव. अंडी किती उबदार मातीत आहेत त्यावरून! माती जास्त गरम असली की मुली, गारसर असली की मुलगे. ऊन इथंही मधे आलंच!

म्हणजे तू आज पिल्लू आणलंस, तर तुझी नातवंडं त्याला पाला घालतील. विचारून बघ बरं त्यांना, चालेल का!

तीन नखांची भानगड

आता ती भानगड. काही लबाड लोक सांगतात, वीस नखांचं कासव घरी आणा, पैशांचा पाऊस पडेल, पुरलेलं धन सापडेल! भोळी माणसं फसतात, पैसे गमावतात आणि बिचारं कासव पोत्यात गुदमरतं.

आपण गणित करू. मऊ पाठीच्या कासवाचे पाय चार. प्रत्येकाला नखं तीन. चार त्रिक बारा! भारतातल्या कोरड्या रानातलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव घेतलं, तर पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. झाली अठरा! आणि समजा एखाद्याला वीस असलीच, तरी नखं कशासाठी असतात? उकरण्यासाठी! त्यांनी चिखल उकरला जातो. पैसे नाही!

कायदा काय म्हणतो, ठाऊक आहे? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात ज्यांना सगळ्यात जास्त जपायचं, त्या प्राण्यांची पहिली यादी आहे. तिच्यात वाघ आहे. आणि कोण आहे? आपलं मऊ पाठीचं कासव! हो, तुझ्या गावच्या तळ्यातलं! स्टार कासवही त्याच यादीत. त्यांना पकडणं, विकणं, घरी पाळणं, सगळं बंद. तुरुंगात जावं लागतं.

मग परदेशी कासवं? ग्रीक कासवासारख्या ज्या जातींच्या जागतिक व्यापारावर नियम आहेत, त्यांतले प्राणी कुणाकडं असतील, तर त्यांची सरकारकडं नोंद करावी लागते. त्याचे नियम २०२४ साली आले.

आणि माशांच्या दुकानातलं ते नाण्याएवढं हिरवं पिल्लू, कानाजवळ लाल पट्टा असलेलं? ते मूळचं अमेरिकेतलं. वाढून ताटलीएवढं होतं. मग लोक कंटाळतात आणि तळ्यात सोडून देतात. तिथं ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा बळकावतं. तुझ्या ओळखीत कुणाकडं असेल तर सांग, त्याला नीट सांभाळा, पण गोदावरीत सोडू नका!

पावसात कासव भेटलं तर?

आधी टाळी वाजवू नकोस, ओरडू नकोस! दोन पावलं मागं उभं राहा आणि बघ. नाक बघ. पाठ बघ. ते कुठल्या दिशेला निघालं आहे ते बघ.

शेतात, बांधावर असेल तर जाऊ दे त्याला. रस्त्याच्या मधोमध असेल तर मोठ्या माणसाला बोलव. गाड्या थांबवून त्यांनी ते दोन्ही हातांनी, जमिनीलगतच धरून, ज्या बाजूला निघालं होतं त्याच बाजूला ठेवावं. उलट्या बाजूला ठेवलं तर ते पुन्हा रस्त्यावर येणार! एकदा निघालं की ऐकतंय कुठलं!

पिल्लू तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं दिसलं तरी 'बिचारं एकटं आहे' म्हणून घरी आणू नकोस. कासवाची आई अंडी मातीत पुरून निघून जाते. पिल्लू जन्मल्यापासून एकटंच असतं आणि त्याला सगळं येतं. घर तर पाठीवर घेऊनच आलेलं असतं!

जखमी असेल, विहिरीत अडकलं असेल, किंवा कुणी बादलीत कोंडून ठेवलेलं दिसलं, तर वन विभागाचा फोन लावायचा. नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे. टिमथीआजोबांची आजी झाली ते साल आठवतं ना? १९२६! तोच नंबर!

आणि आता तुला एक काम. आपल्याकडच्या पुष्कळ देवळांत सभामंडपात, देवाच्या समोर जमिनीवर दगडी कासव कोरलेलं असतं. पुढच्या वेळी गेलीस की, गेलास की, खाली वाक आणि त्याच्या पुढच्या पायाची नखं मोज. तीन निघाली, तर शिल्पकारानं नदीतलं मऊ पाठीचं कासव बघून ते घडवलं असेल! पाच निघाली, तर दुसरंच कुठलं तरी. आणि नखंच नसली तर?

तर बहुतेक शिल्पकाराला घाई असणार. कासवाला कधीच नसते!